बत्तीसच माणसं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे : "लोक तिकिटं मागतायत, मग बत्तीसच माणसं का घेता? बाळगंधर्वला लावा की एक प्रयोग!" विचारणाऱ्यांत नातेवाईक असतात, नाटकवाले असतात, तिकीट न मिळाल्यामुळे फुरंगटलेले रसिकही असतात. उत्तर त्यांच्या मनात आधीच तयार असतं. एक तर आमच्याकडे पैसे नाहीत, नाहीतर आम्हाला शिष्टपणा करायचाय. पैसे नाहीत हे खरंच आहे. पण उद्या कुणी आणून दिले तरी आकडा बत्तीसच राहील.

आधी नाटक थोडक्यात. एका जुन्या वाड्याची ओसरी, माजघर आणि स्वयंपाकघर आम्हाला वापरायला मिळालंय. वडील गेलेत, तेरावं उरकलंय, आणि भावाने बहिणीसाठी हक्कसोडपत्र टाइप करून आणलंय. प्रेक्षक म्हणजे जमलेले नातेवाईक. तुम्ही भावाकडचे की बहिणीच्या सासरचे, हे तुम्हाला दारातच सांगतात आणि त्याप्रमाणे खोली मिळते. तिन्ही खोल्यांत नाटक एकाच वेळी चालू. ओसरीवर बसलेल्यांना भावाची बाजू सविस्तर कळते, आतलं मात्र फक्त भांड्यांचा आवाज. स्वयंपाकघरातल्यांचं बरोबर उलट. सगळं नाटक कुणालाच दिसत नाही. प्रयोग संपल्यावर लोक बोळात उभे राहून अनोळखी माणसांना विचारतात, "आत काय झालं हो?" नाटकातला सगळ्यात चांगला प्रवेश बहुधा तोच, आणि तो आम्ही बसवलेला नाही.

स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून आठ माणसं बसतात. नववं आलं की नाटकातल्या आत्याबाईंना ओट्यापासून मांडणीपर्यंत जाता येत नाही. माजघरात दहा. ओसरीवर खुर्च्या आहेत, तिथे चौदा. झाले बत्तीस. पण खोल्या मोठ्या असत्या तरी मी फार वाढवले नसते. समोर आठ माणसं असली की नट त्या आठांशी बोलतो. पन्नास झाली की त्याची नजर नकळत डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे सरकते, आवाज चढतो, आणि कुणा एकाशी बोलणं बंद होतं. तालमीला मित्रमंडळी कोंबून आम्ही हे करून पाहिलंय. नटाला स्वतःला पत्ता लागत नाही, समोरच्याला लगेच कळतं.

स्पॉट नाहीत, डिमर नाहीत. घरातले दिवे आहेत आणि बटणं नटच दाबतात. क्यू द्यायला विंगेत कुणी नाही, कारण विंगच नाही, आणि तिन्ही खोल्या एकदम दिसतील अशी जागाही वाड्यात नाही. म्हणून माजघरात रेडिओ लावलेला असतो. कार्यक्रम आमचाच, आधी रेकॉर्ड केलेला. बातम्या सुरू झाल्या की भावाने उठायचं, गाणं संपलं की बहिणीने बाहेर यायचं; सगळे एक कान तिकडे ठेवून काम करतात. एक क्यू तेवढा फोडणीचा. आत्याबाई खरोखरची फोडणी देतात. मोहरी तडतडली, हिंगाचा वास ओसरीवर पोचला, की बाहेरचा वाद तिथल्या तिथे थांबतो. हजाराच्या घरात खुर्च्या असलेल्या थिएटरात हा वास पाचव्या रांगेपर्यंतही जायचा नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते बंगाली नाटककार बादल सरकारांमुळे. पेशाने नगररचनाकार, 'एवम् इंद्रजित'सारखं गाजलेलं नाटक नावावर, आणि असा माणूस सत्तरच्या दशकात कमानी रंगमंच सोडून साध्या खोलीत आणि मैदानात नाटक करायला लागला. 'मिछिल' (म्हणजे मोर्चा) या नाटकात त्यांनी प्रेक्षकांच्या बैठकीच अशा मांडल्या की मधून रस्ते तयार व्हावेत आणि मोर्चा त्या रस्त्यांवरून फिरावा. रस्ते आखणारा माणूस नाटकातही रस्तेच आखणार! अमोल पालेकरांनी ते मराठीत 'जुलूस' म्हणून आणलं, छबिलदासला. छबिलदास म्हणजे दादरच्या शाळेचं सभागृह. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून तिथे प्रयोग लावायला सुरुवात केली आणि एका अख्ख्या चळवळीला त्या शाळेचं नाव पडलं. मी त्यातलं काही पाहिलेलं नाही, माझं वय नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ऐकलंय. ते नाटकाची गोष्ट कमी सांगतात आणि आपण नेमके कुठे बसलो होतो हे जास्त.

"मग परदेशात शेकडो माणसं कशी घेतात?" हा पुढचा प्रश्न, बहुतेक वेळा अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या भाचरांचा. त्यांच्या डोळ्यांसमोर 'स्लीप नो मोअर' असतं. लंडनच्या 'पंचड्रंक' या नाट्यसंस्थेचं हे नाटक, आधार 'मॅकबेथ'चा. न्यू यॉर्कमध्ये ते २०११ साली सुरू झालं आणि २०२५च्या जानेवारीत थांबलं. अनेक मजल्यांची इमारत, प्रत्येक प्रेक्षकाच्या तोंडावर पांढरा मुखवटा. बोलायचं नाही, बाकी हव्या त्या खोलीत जा, कपाटं उघडा, पत्रं वाचा, नटाच्या मागे धावत जिने चढा. मुखवट्याने गर्दीचा प्रश्न झकास सोडवला. कितीही माणसं असोत, नटाला त्यांची दखल घ्यावी लागत नाही. हुशारी आहेच. पण मला प्रेक्षक चोरून बघणारा नकोय, चुलतभाऊ हवाय, आणि चुलतभावाला तोंड लागतं. पंचड्रंकवाल्यांनाही हे ठाऊक असणार, कारण त्यांचे नट मधूनच एखाद्याला बाजूच्या खोलीत नेऊन त्याचा मुखवटा उतरवत. पुढे २०२४मध्ये त्यांनीच लंडनला 'व्हायोलाज रूम' केलं : एका वेळी जास्तीत जास्त सहा माणसं, अनवाणी, कानाला हेडफोन, आणि समोर नट एकही नाही. सहा! त्या हिशेबाने आमचं हाऊसफुल म्हणजे जत्राच.

कोकणातले लोक म्हणतात, यात नवीन काय, आमच्या दशावतारात संकासुर प्रेक्षकांची थट्टा करतच असतो. करतो की. आणि तिथले नट संवाद आयत्या वेळी रचतात, ते आम्हाला सात जन्मांत जमायचं नाही. पण देवळासमोर बसलेलं गाव आधीपासूनच एकमेकांचं असतं. आमच्याकडे फोनवरून तिकीट काढून आलेली परकी माणसं असतात. त्यांना तासाभरापुरतं एका घरातलं करायचं, हे निराळं काम आहे. उगाच पूर्वजांच्या नावावर खपवू नये.

आता मुख्य कारण. नाटकाच्या शेवटाकडे भाऊ ओसरीवरच्या दोघांकडे पेन घेऊन येतो. "साक्षीदार म्हणून सही कराल का, काका?" हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला १९९४ साली, केंद्राने दिला २००५ साली, तरी हा कागद अजून कितीतरी घरांत निघतो, आणि सही करणारे आपल्यासारखेच असतात. बहुतेक जण करून टाकतात. पेन पुढे आलं की हात जातोच. काही जण चष्मा मागून कागद अथपासून इतिपर्यंत वाचतात. कागद खराखुरा, पूर्ण मजकुराचा आहे, आणि तो वाचून होईपर्यंत नाटक थांबतं. एकदा एका बाईंनी पेन बाजूला ठेवून आतल्या बहिणीला हाक मारली, "अगं, तू तरी वाचलंस का हे?" नटीने मान हलवली, खरं तर तिच्या वाट्याला तिथे वाक्यच नव्हतं.

आणि एका रात्री चौदाही जणांनी नाही म्हटलं. पहिल्या दोघांनी मान फिरवली, तिसऱ्याने त्यांच्याकडे पाहून फिरवली, मग ते पसरतच गेलं. त्यासाठी दुसरा शेवट लिहिलेला आहे. नाटकांना मंजुरी देणाऱ्या सरकारी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे दिलेल्या संहितेतही दोन्ही आहेत. तो इतका क्वचित वापरला जातो की नटांनी आदल्या आठवड्यात उजळणी केली होती ते नशीब. भाऊ कागदाची घडी घालून खाली बसतो आणि आत्याबाई सगळ्यांना चहा देतात. एक आजोबा चहा पिऊन उठले आणि मोरीवर जाऊन स्वतःची कपबशी विसळून आले. हे कुठल्याच संहितेत नव्हतं. मोठ्या थिएटरात दोघांनी नकार दिला तर तिसरा हौशी सापडतोच, आणि पहिल्या दोघांचं काय झालं ते बाल्कनीला कळतही नाही. इथे सही करणाऱ्याला उरलेल्या तेरांच्या तोंडाकडे बघावं लागतं.

पैशांचं विचाराल तर तिकिटांतून वाड्याची डागडुजी, चहा-साखर आणि नटांचे रिक्षाचे पैसे निघतात. सगळ्यांना नोकऱ्या आहेत. म्हणून प्रयोग शनिवार-रविवारीच.

यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. मध्यंतर नाही. चपला बाहेर काढायच्या. तुम्हाला कुणी हात लावणार नाही, नाचायला तर मुळीच लावणार नाही; तसले प्रकार मलाही सोसत नाहीत. गुडघे दुखत असतील तर ओसरी मागा. आणि ओसरी मागितलीत तर चष्मा आणा.