दुखणं पायातून वर चढलं

आमच्या अंगणातल्या हौदाला लोखंडी झाकण आहे. ते सरकवायचं, गुडघे टेकायचे, आत वाकायचं आणि दोरीला बांधलेली बादली खाली सोडायची. लातूरकरांना हे समजावून सांगायला नको. तेव्हा आमच्या भागात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि नेमकी मोटार जळालेली. भरलेली बादली वर ओढली, वाकल्या-वाकल्याच डावीकडं वळून फरशीवर ठेवली. अशा सहा बादल्या. काही झालं नाही. आंघोळ केली, गाडीला किक मारली, शाळेला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजेवर बसून मोजा चढवत होतो, तेवढ्यात शिंक आली. डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पिंढरीच्या बाहेरच्या अंगानं थेट पायाच्या अंगठ्यात उतरली. मोजा अर्धाच राहिला. तो नंतर बायकोनं काढला.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. वय तेव्हा ४३. रोज २६ किलोमीटर जायचं, २६ यायचं. पंधरा वर्षांच्या या अप-डाऊननं कंबर आधीच खिळखिळी केली असणार, बादली फक्त निमित्त झाली.

आईचं निदान तयारच होतं. "उसण भरली की रं." आणि उसणीवर आमच्याकडं एकच औषध, पायाळू माणूस. म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्यानं पाय लावला की चमक जाते म्हणतात. गल्लीत एक पायाळू पोरगा होता, दुसरीत शिकणारा. आईनं त्याला धरून आणलं, मला ओसरीवर वाकळ टाकून पालथं पाडलं. पण पोरगा काही पुढं येईना. "गुरुजींना लाथ कशी मारू?" त्याचं बरोबरच होतं. त्याची समजूत काढण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली, तोवर मी तसाच पालथा. शेवटी एका चॉकलेटवर सौदा ठरला आणि त्यानं तीनदा हळूच पाय लावला. उठलो तर खरंच जरा मोकळं वाटलं. आई सगळ्यांकडं बघत होती, कळलं का आता, अशी. तासाभरात जेवायला मांडी घालून बसलो आणि कळ परत अंगठ्यात.

मग एका सहकाऱ्यानं गाडीवर घालून एका हाडवैद्याकडं नेलं. गावाचं नाव सांगत नाही. त्यानं करडीचं तेल चोळलं, तोवर बरं वाटलं. नंतर मला कुशीवर घेऊन खांदा एकीकडं, कंबर दुसरीकडं असा काही झटका दिला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. येताना गाडीवर बसता येईना. टेम्पोत आडवा होऊन घरी आलो आणि रात्रभर पाय उशीवर ठेवून छत बघत पडलो. पायात कळ उतरत असेल तर कंबरेला झटके देऊन घेऊ नका. या लेखातलं एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

एमआरआयचा रिपोर्ट आला. एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली डिस्क (गादी) बाहेर आलेली, डाव्या शिरेवर म्हणजे मज्जातंतूवर दाब. घरात रडारड. शेजारी बघायला आले, "गॅप पडला म्हणं मणक्यात." हा गॅप शब्द कुणी काढला कोण जाणे. गॅप पडत नाही, उलट दोन मणक्यांमधली जागा कमी होते. मधल्या गादीच्या कडेला चीर जाते, आतला मऊ गाभा तिथून मागं सरकतो आणि पायाकडं जाणाऱ्या शिरेला लागतो. डॉक्टर शांत होते. म्हणाले, पायात ताकद आहे, लघवी-संडासवर ताबा आहे, मग चाकूची घाई कशाला? बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरं होतं, बाहेर आलेला गाभा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. रिपोर्टला घाबरू नका म्हणाले ते मला तेव्हा पटलं नव्हतं. नंतर वाचलं. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांची डिस्क फुगलेली होती आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची. म्हणजे आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांचं एमआरआय काढलं तर शाळेला सुट्टी द्यावी लागेल.

गोळ्या दिल्या त्या मोजक्या दिवसांच्या, जेवणानंतर घ्यायच्या. संपल्यावर मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत अशी तंबी दिली. आणि फिजिओथेरपीच्या मॅडमकडं पाठवलं.

मॅडम वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. पहिलं वाक्य, "सर, पालथे झोपा."

मी म्हटलं, हे तर आमच्या आईनं आधीच करून घेतलंय.

त्यांनी दोन मिनिटं नुसतं पडू दिलं. मग कोपरांवर छाती उचलायला लावली, तीन-चार मिनिटं. मग हात सरळ करून, भुजंगासनासारखं, पण कंबर आणि मांड्या सतरंजीला चिकटलेल्याच, सगळा जोर हातांचा. असं दहा वेळा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "आता कुठंपर्यंत दुखतंय?" आधी अंगठा. मग पिंढरी. दहाव्या वेळी मी घाबरून सांगितलं, मॅडम, कंबर जास्त दुखायलीय. तर त्या खूश. "पाय?" पायात बघितलं तर कळ गुडघ्याच्या वर आलेली. त्या म्हणाल्या, दुखणं पायातून वर कंबरेकडं चढत असेल तर गाडी बरोबर रस्त्यावर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. आणि खाली पायाकडं उतरायला लागलं तर तो व्यायाम तिथंच थांबवायचा, कंबर कितीही हलकी वाटो.

मी सगळं उलटं धरून बसलो होतो. कंबर दुखायची थांबली की बरं, पाय काय, तो नंतर बघू, असं. पायाळू, तेल, झटका, पट्टा, सगळ्यांना मी कंबरेचा हिशेब विचारत होतो.

ही पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टची. गोष्ट १९५६ची आहे. त्यांच्याकडं एक पाय दुखणारा पेशंट आला, त्याला आत जाऊन टेबलावर पालथं पडायला सांगितलं. टेबलाचं डोकं आधीच्या कुणासाठी तरी वर उचललेलं राहिलं होतं. मॅकेन्झींना यायला उशीर झाला. आले तर हा माणूस पाठ मागं वाकवून पडलेला, आणि म्हणतोय, पायाचं दुखणं गेलं. हे वाचलं तेव्हा मला ओसरी आठवली.

हे सगळ्यांना चालत नाही हेही सांगतो. म्हाताऱ्या माणसाचा शिरांचा मार्गच अरुंद झाला असेल किंवा मणका पुढं सरकला असेल तर मागं वाकल्यानं त्रास वाढू शकतो. म्हणून आधी कुणीतरी तपासलेलं बरं. माझं रोज सकाळचं एक काम ठरलेलं होतं, भिंतीला हात लावून टाचांवर दहा पावलं आणि चवड्यांवर दहा पावलं. टाचेवर उभं राहताच येईना, पाऊल लोंबायला लागलं, चप्पल आपोआप निसटायला लागली, तर डॉक्टरकडं जायचं. आणि लघवी अडकली, किंवा बसायची जागा बधिर झाली, तर उद्यावर ढकलायचं नाही. रात्री दोन वाजता का होईना, दवाखाना गाठायचा. तिथं शेक आणि व्यायाम कामाचे नाहीत.

घरात काय काय बदललं ते बायकोला विचारा, तिला जास्त पाठ आहे. बसायचा संडास दीड महिना बंद, वर प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची. मोरीत पाटाऐवजी उंच स्टूल. ताट टेबलावर, ते टेबल म्हणजे शिवणाचं मशीन. पोट साफ राहावं म्हणून रात्री इसबगोल, कारण जोर केला की कळ थेट अंगठ्यात. तव्यावर भाजलेलं जाडं मीठ फडक्यात बांधून आई शेकायची, पंधरा-वीस मिनिटं. त्यानं आखडलेले स्नायू सैल व्हायचे, झोप लागायची. गादी त्यानं जागेवर जात नाही, पण झोप लागणं काय कमी आहे? कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत लोड. पट्टा फक्त गाडीवर बसताना, दिवसभर बांधू नका म्हणून मॅडम ओरडायच्या.

आणि सकाळचा पहिला तास वाकायचं नाही. याचं कारण मला फार आवडलं. आपण आडवे असतो तेव्हा ही गादी पाणी शोषून फुगते. सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, तो त्यामुळंच. म्हणजे डिस्कला रात्री पाणी येतं, आणि सकाळी ती काठोकाठ भरलेली असते. त्या वेळी वाकलं की ताण जास्त. मला मोज्यानं धरलं ते सकाळीच. तेव्हापासून तोंड धुणं, चहा, फेरी आधी, मोजे शेवटी, तेही स्टुलावर पाय ठेवून.

फेरीची सुरुवात पाच मिनिटांनी, दिवसातून तीनदा, गल्लीच्या टोकापर्यंत. आईला ते बघवायचं नाही. "पडून राहा म्हणलं तर ऐकंना, फिरत काय करूलालास?" पण पहिले दोन दिवस सोडले तर पडून राहण्यानं काही भलं होत नाही, उलट पाठ आखडते. पाचव्या आठवड्यात गंजगोलाईच्या बाजारापर्यंत चालत गेलो, शेंगा घेतल्या, पिशवी बायकोनं धरली.

अंगठ्यातली कळ तिसऱ्या आठवड्यात गेली, पिंढरीची सहाव्यात. मांडीतली ओढ दोन महिने होती. अंगठ्याच्या बाजूला थोडं बधिर आहे, ते अजून आहे. मध्ये एकदा जोशात येऊन सिलेंडर सरकवला, तर चार दिवस परत पहिल्यापासून. आता मोटार दुरुस्त आहे, तरी हौदाच्या झाकणाला मी हात लावत नाही.

तो पोरगा आता पाचवीत गेलाय. परवा रस्त्यात भेटला, पायात नवीन बूट. "गुरुजी, माझ्यामुळंच बरी झाली ना तुमची कंबर?"

पंधरा-वीस मिनिटं त्याच्यामुळंच पालथा पडलो होतो. हो म्हटलं. मग त्यानं दुसरं चॉकलेट मागितलं.