आमची वाटचाल : खाणीच्या जागेवर पुन्हा माळ

आमची रोपवाटिका उभी राहिली ती डाळिंबाच्या गुटीकलमांवर. अण्णांनी सोलापूरच्या होटगी रस्त्याला भाड्याच्या जागेत ती सुरू केली. सांगोला, मंगळवेढ्याचे शेतकरी टेम्पो घेऊन कलमं न्यायला यायचे. मग तेल्या रोग आला. बागाच्या बागा उपटल्या गेल्या आणि आमची कलमं पिशव्यांतच वाळली. त्या वर्षी कामावरच्या बायकांची हजेरी द्यायला आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या.

अशा वेळी एका दगडखाणीचं काम आलं. खाणीतला दगड संपला होता, जागा हिरवी करून द्यायची होती. आम्हाला कामाची गरज होती, म्हणून फार विचार केला नाही. ब्रेकरनं खडकात खड्डे घेतले, शेतातली काळी माती भरली, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. पावसाळ्यात त्या खड्ड्यांतून पाणी झिरपेना. खाली अखंड काळा पाषाण, पाणी जाणार कुठं? मुळं सडली. जी तगली, ती एप्रिलमध्ये गेली. काळी माती वाळली की आकसते, खडकापासून सुटते, भेगांमध्ये मुळं तुटतात. मालकांनी निम्मे पैसे अडवले. चूक आमचीच होती, आम्ही वाद घातला नाही.

पण एक गोष्ट तिथंच दिसली. खाणीच्या कडेला मुरुमाचा जुना ढिगारा पडला होता, त्याच्याकडं कुणी पाहिलंही नव्हतं. त्याच्यावर तरवड फुलला होता आणि कुसळी गुडघ्याएवढी वाढली होती. तिथं मेंढरं चारणारे एक धनगर मामा म्हणाले, "मालक, हितं झाड न्हाई, गवात येतंय. आधी गवात येऊ द्या, मग झाड आपसूक येतंय." आमचा धंदा खऱ्या अर्थानं त्या वाक्यापासून सुरू झाला.

सोलापूरला पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. ही मुळात गवताची भूमी आहे. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते इथल्या माळामुळंच. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक पक्षी हे सगळे उघड्या गवताळ माळाचे रहिवासी. माळाला ओसाड म्हणून तिथं दाट झाडी लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ आम्ही कायमची बंद केली. त्यापायी काही कामं हातची गेली.

आता नव्या खाणीचं काम असेल तर आमची पहिली अट मातीची. सुरुंग लावण्याआधी वरची वीतभर माती वेगळी काढायची. ती मुरुमात मिसळायची नाही, विकायची तर मुळीच नाही. ढीग कंबरेपेक्षा उंच नको. उंच ढिगात आतल्या मातीला हवा मिळत नाही आणि तिच्यातला जिवंतपणा जातो. त्या मातीत माळाचं बी आधीच असतं, ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. जुन्या खाणीत ही माती गेलेली असते. तिथं मुरूम पसरतो, उताराला आडवे चर घेतो आणि बी बाहेरून आणतो.

बी गोळा करायचं म्हणजे दिवाळीच्या आगेमागे शेताचे बांध आणि खासगी माळ पालथे घालायचे. मालकाला विचारूनच. उथळ मुरुमावर कुसळी आणि डोंगरी, जरा माती असेल तिथं पवन्या आणि मारवेल. ताजं बी लगेच पेरलं तर बरंचसं उगवतच नाही, त्याला झोप असते. म्हणून पोत्यात भरून कोरड्या जागी जूनपर्यंत ठेवतो. कुसळीचं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं आणि बी स्वतःला जमिनीत रुतवतं. खडकाच्या भेगेत तिला नांगर लागत नाही. जुलैत पावसाचा खंड पडला की बरंच जातं. ते आम्ही धरूनच चालतो. आपल्याकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, म्हणून थोडं बी तेव्हासाठी राखून ठेवतो.

बाभूळ आणि हिवराचं बी मामांच्या वाड्यातून येतं. शेळ्या शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना कठीण बिया बाहेर टाकतात. सकाळी मामी त्या झाडून गोळा करतात. हे बी लवकर उगवतं. त्याचे पैसे आम्ही मामींच्याच हातात देतो. बदल्यात मामांनी दोन पावसाळे खाणीत कळप घालायचा नाही. तिसऱ्या वर्षापासून गवत कापून न्यायचं, ते त्यांचं. हा करार तोंडीच आहे आणि आजवर एकदाही मोडलेला नाही.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, खाणकाम थांबल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत उगवून द्यायचं, जनावरांना चारा मिळेल असं. तो निकाल मी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. आम्ही इतकी वर्षं जे पटवत होतो, तेच त्यात होतं. तरी अजून जागा पाहायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "झाडं किती लावली?" तेव्हा मी त्याला गवतात नेतो आणि मूठभर उपटून मुळांना धरलेली माती दाखवतो.

यंदा अक्कलकोटच्या बाजूला एका खाणीत तिसरा पावसाळा संपला. तळाचा खड्डा बुजवू नका, पाणी साठू द्या, एवढं मालकांनी ऐकलं. कडेला कुंपण घातलंय. परवा मामांचा फोन आला, डोंगरी पिकलीय, वारा सुटायच्या आत या. उद्या पहाटे पोती घेऊन निघायचंय.