मामा, टर्कीचं बुकिंग करून देशील का?

तेवीस वर्षं इंदूरात ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालवतोय, चारधाम, केरळ, अंदमान, वऱ्हाडाच्या बसेस, काय म्हणाल ते बुक केलंय, पण गेल्या जानेवारीत अमेरिकेतल्या ऑस्टिनहून भाच्याचा फोन आला की मामा टर्कीचं बघायचंय, तर मी पाच मिनिटं त्याला इस्तंबूलचे रेट सांगत बसलो. मग तो म्हणाला अरे देश नाही, पक्षी. जंगली टर्की. शिकारीला जायचंय, बॉसबरोबर, आणि या वेळी तू माणूस शोधून दे.

या वेळी म्हणजे आधी एकदा हात पोळलेत. मागच्या वर्षी त्याने वेबसाइटवर '१००% सक्सेस' वाचून कुणाला तरी अर्धे पैसे आधीच दिले. पोचल्यावर कळलं की पाच जणांत एकच गाइड. त्याने पहाटे याला एका छोट्या तंबूत (त्याला ब्लाइंड म्हणतात, आत लपून बसायचं) नेऊन सोडलं आणि गाइड चालला बाकीच्यांना सोडायला, तो थेट दुपारी उगवला. त्याच शेतात आधीचे तीन आठवडे रोज कोणी ना कोणी बंदूक घेऊन बसलेलं, तिथले पक्षी काय वेडे आहेत ओरडायला? भांडायला गेला तर खाली बारीक अक्षरात 'सेमी-गाइडेड' लिहिलेलं दाखवलं. पैसे गेले ते गेलेच. मला ऐकून हसूच आलं, कारण हे तर आपल्याकडचंच झालं, चारधामला इनोव्हा म्हणून सांगायचं आणि हरिद्वारला जुनी टॅव्हेरा उभी करायची.

तर धंदा तोच, फक्त माल वेगळा. आपले रात्रीचे दहा म्हणजे तिकडे सकाळचे साडेदहा, म्हणून जेवण झालं की मी फोन घेऊन बसायचो. तिकडे टेक्सासमधे ९०% पेक्षा जास्त जमीन खासगी आहे, म्हणजे आपलं आपण जंगलात गेलो असं नसतं, कुणाचं तरी रॅंच लागतं, म्हणून हे आउटफिटर लोक, म्हणजे शिकारीची सगळी सोय करून देणारे. पहिल्याने फोटोच फोटो पाठवले, दहा फोटोंत दहा माणसं आणि मागे गाडी तीच, पक्षी पण मला तोच वाटला. त्याला विचारलं एका गाइडमागे किती गेस्ट, तर म्हणे डिपेंड्स. बास, कट. दुसरा बरा होता पण लायसन्स पैशात धरलंय का, जास्तीच्या पक्ष्याचे किती, साफ करून कोण देणार, प्रत्येक गोष्टीला 'आल्यावर बघू'. आल्यावर बघू म्हणणाऱ्याला मी आजपर्यंत गिऱ्हाईक दिलेलं नाही.

तिसरा म्हातारा होता. त्याला मी माझा ठेवणीतला प्रश्न विचारला, गेल्या सीझनला रिकाम्या हाताने किती जण गेले? तो जराही न थांबता म्हणाला अकरा आले, चार रिकामे गेले. म्हटलं त्या चारातल्या एकाचा नंबर द्या. दिला! आणि तो रिकाम्या हाताने गेलेला माणूस माझ्याशी वीस मिनिटं त्या म्हाताऱ्याचं कौतुक करत होता, की हा आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन बघतो पक्षी ओढ्याकाठच्या कुठल्या झाडावर रात्रीला बसलेत, आणि पहाटे अंधारातच तुम्हाला तिथून थोड्या अंतरावर नेऊन बसवतो. म्हाताऱ्याने न विचारता हेही सांगितलं की छर्रा लागून पक्षी पळाला आणि सापडला नाही तर तो तुमच्या खात्यात धरणार. आणि नवखे असाल तर सुरुवातीच्या आठवड्यात येऊ नका, मध्य एप्रिलनंतर या, तोपर्यंत बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात, नर एकटे पडतात, मग हाकेला येतात.

हाक म्हणजे मादीचा आवाज काढायचा. खरं तर निसर्गात उलटं असतं, नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते, इथे त्या राजेसाहेबांना उठून यायला लावायचं असतं, म्हणून अवघड. त्याने मला स्पीकरवर वाजवून दाखवलं. एक लाकडी डबी असते, तिच्या झाकणाला खडू लावून कडेवर घासायचं. आतल्या खोलीतून आई ओरडली, अरे रात्री अकराला कोण दार उघडतंय, त्या बिजागरीला तेल घाला म्हणून किती दिवस सांगतेय.

आईला मग सगळं सांगावं लागलं. आमचं घर शाकाहारी, आणि आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, राळामंडळच्या टेकडीवर होळकरांचं शिकारगाह आहे पण तिथे आता अभयारण्य, पोरं सहलीला जातात. मलाही बंदूक वगैरे आवडत नाही, कशाला खोटं बोलू. पण वाचल्यावर एक कळलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे हा पक्षी बहुतेक ठिकाणी संपतच आला होता. पाळलेले सोडून बघितले, ते जंगलात टिकले नाहीत, मग जंगलातलेच जाळ्यांनी पकडून दुसरीकडे नेऊन वाढवले, आणि त्यातला बराच पैसा लायसन्सच्या फीचा आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा. आई म्हणाली, म्हणजे मारणाऱ्यांच्याच पैशाने वाढवले? हो. ती गप्प बसली, पटलं असं मात्र म्हणाली नाही.

भाचा एच-वन-बी वर आहे, आणि ही गोष्ट आपल्या पोरांनी ध्यानात ठेवावी, तिथे अशा तात्पुरत्या व्हिसावाल्याला एरवी बंदूक हातात घेणंसुद्धा गुन्हा आहे, चालू हंटिंग लायसन्स ही त्यातली एक सूट. आधीच्या आउटफिटरने हे विचारलंसुद्धा नव्हतं. म्हाताऱ्याने दुसऱ्याच फोनला विचारलं, पोराचा व्हिसा कुठला, शिकारीचा कोर्स झालाय का.

आणि कपडे. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, रुमाल नको, मोजेसुद्धा नकोत, कारण नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि झुडपात लाल हललं की दुसरा शिकारी त्यावरच नेम धरायचा. मला लगेच जहांगीर आठवला. १६१२ मधे मुकर्रब खानाने गोव्याहून त्याच्यासाठी हा पक्षी आणला होता, उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं आणि बादशहाने लिहून ठेवलं की याच्या डोक्या-मानेचा रंग सारखा बदलतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी आग्र्याला ज्याची गंमत वाटली तीच टेक्सासात जिवावर बेतू शकते. भाच्याला सांगितलं तर म्हणाला मामा, मी लाल मोजेच पॅक केले होते.

तीन दिवस, माणशी अठराशे डॉलर, गाइडची टिप वेगळी. बॉसला दुसऱ्या दिवशी मिळाला. भाच्यापुढे तिसऱ्या पहाटे आला होता, पिसारा फुलवून, पण याने डास मारायला हात हलवला आणि संपलं, त्या पक्ष्याचं नाक काही कामाचं नाही पण डोळे भलतेच तिखट. चिडला होता का विचारलं तर नाही म्हणाला, त्याचा गोबल (नराचं ओरडणं) इतक्या जवळून ऐकला की छातीत वाजला म्हणे.

बॉसने थोडं मटण दिलं. तंगड्या म्हणे इतक्या चिवट की कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी दाताला लागत होत्या. शेवटी भाच्याने आईने पोह्यांसाठी पाठवलेलं जीरावन (आपला इंदुरी मसाला) वर भुरभुरवलं आणि थोडं डब्यात घालून म्हाताऱ्याला नेऊन दिलं. परवा म्हाताऱ्याचा मला मेसेज, पुढच्या वर्षीच्या तारखा नाहीत काही नाहीत, फक्त, ती पिवळसर पावडर अर्धा किलो कुरिअर करायला किती लागतील?