काठापदराचं घर

मराठी माणूस रंगाला भितो असं कुणी म्हटलं, तर त्याला लग्नाच्या कार्यालयात नेऊन पंगतीसमोर उभं करावं. जांभळ्याला हळदी काठ, पोपटीला राणी, आमसुलीला मोरपंखी, मधेच एखादी लालभडक काठाची काळी चंद्रकळा. एकही रंग शेजारच्या रंगाचं ऐकून घेत नाही आणि तरी कुणाच्या डोळ्यांना काही खुपत नाही. मग याच बायकांच्या घरी जावं. भिंती ऑफ व्हाइट, सोफा कॉफी, पडदे बिस्किटी, आणि पायाखाली आरशासारखी पांढरी फरशी, जिच्यावर पडलेला केस पलीकडच्या खोलीतून दिसतो.

अंगावर एवढं धाडस करणारी माणसं भिंतीसमोर आली की का कचरतात? साडी रात्री घडी करून ठेवता येते आणि भिंत पाच वर्षं बघावी लागते, हे एक उत्तर. ‘घर विकायला काढलं तर गिऱ्हाइकाला आवडायला हवं’ हे दुसरं. ते आपण मोठ्यांदा म्हणत नाही, पण रंग निवडताना ते न आलेलं गिऱ्हाईक आपल्या शेजारी बसलेलं असतं.

माझ्या भाचीनं बाणेरला फ्लॅट घेतला आणि जाहीर केलं, “मावशी, मला बोहो-व्हिंटेज करायचंय.” बोहो म्हणजे बोहेमियन, मनस्वी कलावंतांच्या बिऱ्हाडाचा थाट, आणि व्हिंटेज म्हणजे जुन्या वस्तूंची सजावट. तिनं मोबाइलवर जमवलेली चित्रं मी चष्मा लावून नीट पाहिली. वेताची खुर्ची, सतरंजीवर सतरंजी, दोऱ्यांच्या जाळीत टांगलेली कुंडी, पितळेचं काहीबाही. (त्या जाळीला आमच्या घरी शिंकं म्हणत. त्यात मांजरापासून वाचवलेलं लोणी असे.) सगळं छान होतं, पण सगळ्या भिंती पांढऱ्या होत्या, उशा मळकट पांढऱ्या आणि वाळकं गवतही फिकट. ज्या शैलीनं बेबंदपणाचं नाव लावलंय, तिलाही कुणीतरी ऑफ व्हाइटमध्ये बुडवून काढलं होतं.

“हे बोहो नाही, हे आजाऱ्याचं पथ्य आहे,” मी म्हटलं.

मग तिला इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या चार्ल्स्टन नावाच्या शेतघराचे फोटो शोधायला लावले. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, चित्रकार व्हेनेसा बेल आणि डंकन ग्रँट तिथे राहायला आले. ग्रँटनं लढायला नकार दिला होता. त्याऐवजी त्याला आणि त्याच्या मित्राला शेतावर राबणं भाग होतं, म्हणून हे खेड्यातलं बिऱ्हाड. घर भाड्याचं, थंडगार आणि सोयी जेमतेम. या मंडळींनी रंगाचे डबे उघडले आणि दारं, शेकोटीच्या चौकटी, टेबलं, कपाटं, जे ब्रशखाली आलं ते रंगवलं. दाराच्या फळ्यांवर फुलदाण्या आल्या, शेकोटीभोवती वर्तुळं आणि माणसं आली. त्यात काहीच एकमेकांना ‘मॅच’ होत नाही. ते घर आज लोक बघायला जातात. पॅरिसच्या पोटमाळ्यांवर राहणाऱ्या कफल्लक चित्रकारांपासून या घरापर्यंत या थाटाच्या मुळाशी पैशाची चणचण आणि हाताशी असेल ते वापरायची तयारी आहे. भाचीच्या यादीतली वेताची एक खुर्ची मात्र तिच्या पहिल्या पगाराहून महाग होती. आणि भाड्याच्या घराला पुण्यात असं रंगवलं तर डिपॉझिट गेलंच समजा. आमच्याकडचे घरमालक भिंतीला खिळा ठोकायची परवानगी देतानाही उपकार केल्यासारखा चेहरा करतात.

एवढं बेफाम व्हायची आमची तयारी नव्हती. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, सगळं ऑफ व्हाइट ठेवू आणि हॉलमध्ये एकच ‘हायलाइट वॉल’ करू. जावईबापूंचा मान ठेवून सांगते, मला तो प्रकार मुळीच पटत नाही. तीन भिंतींनी गप्प बसायचं आणि चौथीनं एकटीनं बोंब मारायची. हा काठ नसलेला पदर झाला.

आमचा रस्ता तिथूनच सापडला. मी कपाटातून इरकल काढून पलंगावर पसरली. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ही साडी. साडीच्या अंगाचा ताणा (म्हणजे उभे धागे) वेगळा आणि पदराचा वेगळा, दोन्ही सुतं एकात एक फासे घालून जोडतात. पदर लाल, त्यावर पांढरी नक्षी. गडद हिरव्या अंगावरून नजर त्या लालवर जाते तेव्हा तिला धक्का बसत नाही, कारण काठानं आधीच लालची वर्दी दिलेली असते. विरोधी रंग एकत्र नांदवायची सगळी युक्ती त्या काठात आहे. अंग भरपूर आणि शांत, काठ अरुंद पण सगळीकडे पोचलेला, आणि पदर एकच. भाची बराच वेळ साडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दारं-खिडक्यांच्या चौकटी हा काठ.” मुलगी हुशार आहे, माझ्या बहिणीवर गेलेली नाही.

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत हेच तर आहे. पिवळी, निळी, गेरू रंगाची घरं आणि खिडक्या-दारांभोवती पांढरी पट्टी. ती पट्टी पुसून टाकली तर ती गल्ली नुसती रंगीत राहील, देखणी राहणार नाही. गोव्याला जाऊन त्या भिंतींपुढे उभं राहून फोटो काढणारे आपण परत येऊन इमल्शनचा पांढरा डबाच उघडतो.

त्या जुन्या भिंतींचा रंग इतका जिवंत का वाटतो, याचं कारण चुन्यात आहे. चुनखडी भाजून, पाण्यात विरवून केलेला चुना भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. त्याचे बारीक स्फटिक प्रकाश सरळ परत न पाठवता इकडेतिकडे उधळतात. हात पातळ, एकावर एक दिलेले, म्हणून कुठे दाट तर कुठे विरळ. आमच्या लहानपणी त्यात नीळ घालत, दर दिवाळीला हात सैल सुटून भिंत जास्तच आकाशी होई आणि खाली पाठ टेकेल तिथवर तेलरंगाचा पट्टा. रेशमात धूपछाव असते ती अशीच. ताणा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवे धागे दुसऱ्या, आणि घडी हलली की तिसराच रंग दिसतो. जुन्या घरांतल्या नक्षीदार सिमेंटच्या फरशांचंही तेच. मुंबईत भारत टाइल्सनं १९२२ पासून त्या बनवायला घेतल्या. साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटचा रबडा ओततात, वर साधं सिमेंट भरून दाबतात आणि मग पाण्यात मुरू देतात. भट्टी नाहीच. रंगाचा थर चांगला जाड असतो, म्हणून दोन पिढ्यांचे पाय घासूनही फूल जागेवर राहतं.

“मग चुनाच लावू या!” भाची म्हणाली. रंगारी मामांनी मान हलवली. “ताई, आत जिप्सम आहे, वर पुट्टी. चुना धरणार नाय. पोपडे धराल हातात.” बरोबरच होतं त्यांचं. चुन्याला पाणी पिणारी भिंत लागते. शेवटी मॅट इमल्शनच्या दोन जवळच्या छटा, एक गव्हाळी, एक किंचित हळदी, रोलर बाजूला ठेवून ब्रशनं आडव्या-तिडव्या, असं ठरलं. मामांना हे अजिबात आवडलं नाही. ब्रशचे फटकारे दिसू नयेत म्हणून ज्यानं आयुष्यभर हात साधला, त्याला आम्ही ते दिसू देत म्हणून सांगत होतो. चौकटींना मात्र गर्द हिरवा तेलरंग त्यांनी खुशीत लावला.

आता व्हिंटेज. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे आम्ही गेलो. पहिल्याच फेरीत भाची एका ग्रामोफोनच्या प्रेमात पडली. पितळी कर्णा झगमगत होता आणि विकणारा ‘इंग्रजांच्या टायमाचा’ म्हणून शपथ घेत होता. असे ग्रामोफोन मुंबईच्या चोर बाजारातही रांगेनं मांडलेले असतात, आणि त्यातले पुष्कळ नवे जुळवलेले असतात. जुनेपणा ओळखायचा तर वस्तू उलटी करावी. नव्याला जुनं करणारे दर्शनी बाजू काळी करतात, बूड विसरतात. खरी वस्तू झिजते ती हात लागतो तिथे, म्हणजे कडीच्या आतून, झाकणाच्या कडेला, मुठीवर. सगळीकडे सारखीच झिजलेली दिसली तर पुढे चालू लागावं. पितळेच्या पातेल्यात आतून कल्हईचे राखाडी अवशेष दिसले, तर त्यात कुणीतरी खरंच आमटी केलेली आहे.

मग एका कोपऱ्यात सागवानी दाराची फळी दिसली, कोयंड्यासकट. कुठलं म्हणून विचारलं तर तो म्हणाला, “शनिवार पेठेतला एक वाडा पाडला ना.” इतक्या सहज, की आम्ही दोघी गप्प झालो. जुन्या बाजारातलं प्रत्येक दार पडलेल्या घराचं असतं, हे मला कळत होतं, पण कोयंड्याभोवती कुलूप घासून पडलेला खळगा बघितल्यावर भाव करायला जीभ वळेना. भाचीची वळली. ती फळी आता तिचं जेवणाचं टेबल आहे आणि वर काच आहे. मला ते आवडलं, कारण ते दार कामाला लागलं. तांब्याच्या बंबात मनी प्लँट लावतात, घंगाळात छत्र्या ठेवतात, ते मला रुचत नाही. घंगाळात पाणी घाला, चार मोगरे टाका. शिंक्यात कुंडी चालेल, लोणी आता फ्रीजमध्ये असतंच.

सगळ्यात सुंदर वस्तू तिला फुकट मिळाली. आजेसासूबाईंच्या माळ्यावर रविवर्म्यांच्या लक्ष्मीची एक छापील तसबीर होती. त्यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या चित्रांनी घराघरांतल्या भिंती व्यापल्या. बायका मग त्या देवींना साड्या नेसवत. खरं कापड कापून, जर आणि टिकल्या चिकटवून. या लक्ष्मीलाही कुणीतरी खणाचा तुकडा नेसवला आहे, आणि तिच्या कमळाशी त्याचा रंग मुळीच जमत नाही. हॉलमधला सगळ्यात बोहेमियन कोपरा तोच, तो रचला एका नऊवारी नेसणाऱ्या बाईनं, दुपारची झाकपाक झाल्यावर, डिंकाची वाटी घेऊन.

अंग झालं, काठ झाला. पदर म्हणून दिवाणावर जुन्या लुगड्यांची गोधडी आली. आता भाचीला पडदे हवेत, आणि पडद्यांना इरकली हव्यात. फाटलेल्या साडीची गोधडी करावी, उशीचे अभ्रे करावेत, काठ उसवून टेबलाला लावावेत, माझी काही हरकत नाही. पण धडधाकट साडीला कात्री लावणाऱ्यांशी, विशेषतः पैठणीचे सोफ्याचे कव्हर शिवणाऱ्यांशी, मी बोलणं टाकते. हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती “कापणार नाही गं, नुसत्या चिमट्यांनी टांगीन” म्हणत सगळ्या मावश्या-आत्यांची कपाटं पालथी घालते आहे. काकूकडून दोन उचलल्या, आत्याकडून एक. रविवारी माझ्याकडे येणार आहे. किल्ली कुठे लपवावी, एवढाच प्रश्न आहे. डाळिंबी इरकल मी आजच मोलकरणीच्या पिशवीत घालून शेजारच्या वहिनींकडे ठेवायला पाठवली.