अंकोरचा चिरा

पहाटे रत्नागिरीला उतरले, घरी आले आणि पायरीवर बसून बूट झटकले. तांबडी माती पडली. आई म्हणाली, "अगो, आपलीच की माती!" माती सियाम रीपची होती, कंबोडियातली. पण आईचं काही चुकलं नव्हतं.

अंकोर वाटची पाच शिखरं पाण्यात उतरलेली बघायला पहाटे तळ्याकाठी गर्दी होते. मीही उभी राहिले, डोळे भरून पाहिलं. पण घरी येताना मनात राहिला तो दगड. दुपारी उन्हातून बाहेरच्या तटाशी सावली शोधत गेले आणि समोर जांभ्याचा चिरा! तांबूस, भोकाभोकांचा, आमच्या जोत्याला आहे तसाच. तिथेच हात ठेवून उभी राहिले. परदेशात पाचव्या दिवशी घरचं माणूस भेटावं तसं झालं.

आमच्याकडे खाणीतून काढलेला चिरा ओला असतो तेव्हा सहज तासता येतो, मग वाऱ्याउन्हाने घट्ट होत जातो. कंबोडियातल्या ख्मेर कारागिरांनीही हाच गुण ओळखला होता. देवळांचे चौथरे आणि तट जांभ्याचे. पण जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून मूर्ती आणि शिल्पपट कोरायला कुलेन डोंगराच्या पायथ्याच्या खाणींतला वालुकाश्म. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने हे विष्णुमंदिर उभारलं. त्याच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळपास 49 मीटर लांबीचा पट आहे. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मध्ये विष्णू आणि त्याच्या खाली कूर्म. वासुकीला धरलेल्या हातांची ती रांग पाहत मी तीनदा इकडून तिकडे चालले. प्रत्येक दंडाचा ताण दगडात दिसतो. लहानपणी ऐकलेली गोष्ट इतक्या लांब, अनोळखी चेहऱ्यांनी इतकी मनापासून सांगितलेली पाहून घसा दाटला.

अंकोर थोम पाहिलं तेव्हा तर चिऱ्याचं वेडच लागलं होतं. सातव्या जयवर्म्याच्या त्या नगरीचा तट सुमारे 8 मीटर उंच, प्रत्येक बाजू साधारण 3 किलोमीटर, आणि सगळा जांभा. किती खाणी, किती हात लागले असतील!

ता प्रोमला वेळ कमी मिळाला, याची चुटपुट आहे. 1186 साली जयवर्म्याने तिथे प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीची मूर्ती बसवली, ती आपल्या आईच्या रूपात. झाडांच्या मुळांत अडकलेल्या त्या देवळाच्या डागडुजीत आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानेही बरीच वर्षं काम केलं आहे.

चहा घेता घेता आईला फोनवरचे फोटो दाखवले. शिखरं तिने झरझर सरकवली आणि तटाच्या फोटोवर थांबली. दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मी सांगितलं, तिथे याला बाय क्रिएम म्हणतात, म्हणजे करपलेला भात.

आई उठली, अंगणातल्या गडग्यापाशी गेली. तो चिरा बाबांनी स्वतः खाणीवर जाऊन निवडून आणलेला. त्याच्या भोकांवरून बोट फिरवत म्हणाली, "खरवडच की गो ही!"