आमची वाटचाल: ग्रिलच्या शेडपासून चौकातल्या शिल्पापर्यंत

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं युनिट सुरू झालं ते गेट, ग्रिल आणि जिन्याच्या रेलिंगसाठी. आज त्याच शेडमध्ये समकालीन शिल्पं, इमारतींच्या दर्शनी जाळ्या, तांब्याची म्युरल्स (भिंतीवरची शिल्पं) आणि काळ्या पाषाणाची कामं होतात. आकार शिल्पकाराचा किंवा वास्तुविशारदाचा असतो. तो आकार नाशिकच्या उन्हापावसात वर्षानुवर्षं उभा ठेवणं ही आमची जबाबदारी. या प्रवासात प्रत्येक नव्या मटेरियलने कामाची पद्धत बदलायला लावली, म्हणून मटेरियलच्याच क्रमाने लिहितो.

ग्रिलच्या कामात वेल्डिंग हात बसेपर्यंत शिकता येतं, पण वजनाचा आणि वाऱ्याचा विचार फारसा करावा लागत नाही. शिल्पाला तो पहिल्याच दिवशी करावा लागतो. शिल्पकार एक फुटाचं मॉडेल घेऊन येतो आणि म्हणतो, दहा फुटांचं करा. उंची दहापट झाली की पृष्ठभाग शंभरपट होतो आणि भरीव वस्तूचं वजन हजारपट. मॉडेलमध्ये जो बारीक घोटा सुंदर दिसतो, तोच मोठ्या शिल्पात सगळ्यात आधी वाकतो. त्यामुळे कोटेशनच्याही आधी आम्ही तीन आकडे काढतो: वजन, वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्याची उंची. लोखंडाचा हिशेब सोपा आहे. १ मिलिमीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो, म्हणजे ६ मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला ४७ किलो.

वाऱ्याचा हिशेब थोडा सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो, चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे ९३ किलो. सपाट पाटीला आकाराचा गुणक धरला की तो ११५ किलोच्या आसपास जातो. ३ मीटर उंच, दीड मीटर रुंद अशी एकच सरळ प्लेट उभी केली, तर तिच्यावर सव्वापाचशे किलोचा आडवा रेटा येतो. तिच्याखाली १.५ × १.५ × ०.६ मीटरचा काँक्रीटचा ठोकळा घातला तर त्याचं वजन सव्वातीन टन भरतं आणि उलटण्याविरुद्ध दुपटीपेक्षा थोडी जास्त सुरक्षा मिळते. हा प्राथमिक अंदाज झाला. जागेनुसार आणि उंचीनुसार गुणक बदलतात, म्हणून सही स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच लागते. पण हा अंदाज हातात असला की ‘पाया फूटभर खणा, पुरे’ असं म्हणणाऱ्याशी नीट बोलता येतं.

पाया खणताना नाशिकची माती वेगळाच प्रश्न उभा करते. मळ्यात किंवा वाइनरीत काम असेल तर वर काळी माती असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बसवलेला ठोकळा दोन पावसाळ्यांत कलतो आणि बघणाऱ्याला वाटतं की शिल्पच वाकडं झालं. म्हणून काळी माती पूर्ण काढून मुरुमापर्यंत जायचं, मग ते एक मीटरवर लागो की दोन मीटरवर. ठोकळ्याभोवती भरावही मुरुमाचाच, थराथराने धुमसून. इंग्लंडमधल्या गेट्सहेडला अँटनी गॉर्मली यांचं ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ १९९८ मध्ये उभं राहिलं. उंची २० मीटर, पंख ५४ मीटर, आणि त्याला खालच्या खडकाशी बांधणारे काँक्रीटचे पाइलही २० मीटर खोल. जेवढं वर तेवढंच खाली! पायाचा खर्च कमी करा असं कोणी म्हणालं की आम्ही हे उदाहरण देतो.

पायातले अँकर बोल्ट हा आणखी एक नाजूक भाग. ते हाताने अंदाजे रोवायचे नाहीत. बेसप्लेटच्या, म्हणजे शिल्पाच्या तळाच्या प्लेटच्याच भोकांची ६ मिलिमीटरची टेम्प्लेट करून, त्यात बोल्ट घट्ट आवळून मग काँक्रीट ओतायचं. बेसप्लेट आणि काँक्रीट यांच्यात २५ ते ५० मिलिमीटर फट ठेवायची, खालच्या नटांवर लेव्हल करायची आणि नंतर न आकसणारं ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायचं. पोकळ खांबाच्या तळाशी पाणी निघायला भोक हवंच. ते विसरलं तर आत साचलेलं पाणी खांबाला आतून खातं, आणि बाहेरून कितीही रंग मारला तरी उपयोग होत नाही.

लोखंडाची कामं बाहेर उघड्यावर जायला लागली तसं गॅल्व्हनायझिंग, म्हणजे लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर थर चढवणं, शिकावं लागलं. जस्ताचा बाथ सुमारे ४५० अंशांवर असतो. पोकळ पाइप दोन्हीकडून बंद करून त्यात बुडवला, तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप फुटतो आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून प्रत्येक पोकळ भागाला समोरासमोरच्या कोपऱ्यांत भोकं पाडतो, एक हवा जायला आणि एक जस्त वाहायला, आणि ती ड्रॉइंगमध्येच दाखवतो. बाथची लांबी आधी विचारून घ्यायची आणि शिल्पाचे तुकडे त्याप्रमाणे पाडायचे. बुडवून आणल्यावर साइटवर वेल्डिंग केलं तर त्या जागचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून साइटवरचे सांधे बोल्टचे. २ मिलिमीटरचा मोठा सपाट पत्रा बाथमध्ये हमखास वाकतो. अशा कामाला गॅल्व्हनायझिंगऐवजी ब्लास्टिंग करून झिंक प्रायमर देतो. आणि ताज्या जस्तावर सरळ रंग मारायचा नाही. जस्तावर पकड धरणाऱ्या एच (etch) प्रायमरशिवाय तो वर्षभरात पापुद्र्यांसारखा सुटतो.

गंजाचाच रंग मिरवणारं कॉर्टेन स्टील वास्तुविशारदांना फार आवडतं, आम्हालाही आवडतं. त्यात तांबं, क्रोमियम, फॉस्फरस थोड्या प्रमाणात असतात, त्यामुळे गंजाचा थर घट्ट बसतो आणि आतलं लोखंड राखतो. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यांसाठी आयआरएसएम-४१ हे याच जातीचं स्टील वापरतात. पण हा थर बसायला ओलं आणि कोरडं असं आळीपाळीने व्हावं लागतं. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मधे उघडीप मिळते, तिथे ते छान बसतं. इगतपुरीला पाऊस ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, चार महिने धुकं आणि ओल असते. तिथे थर पक्का होतच नाही, पत्रा झिजत राहतो. म्हणून घाटाकडच्या रिसॉर्टला आम्ही कॉर्टेन देत नाही, मागितलं तरी नाही. शहरातही पहिली एक-दोन वर्षं खालच्या फरशीवर तांबडे ओघळ येतात, तेव्हा शिल्पाखाली गोट्यांचा पट्टा आणि निचरा ठेवायचा. पाणी साचेल असा खोलगट भाग डिझाइनमध्येच टाळायचा.

नाशिकचं नाव तांब्या-पितळेच्या भांड्यांशी जोडलेलं आहे. जुन्या नाशकात तांबट लेन आहे, आणि मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून पत्रा घडवण्याचं काम, करणारे हात अजून या भागात मिळतात. समकालीन म्युरलसाठी हे हात आम्हाला कोणत्याही मशीनपेक्षा मोलाचे वाटतात. पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, चौरस मीटरला ८ किलो भरतो. ठोकत गेलं की तांबं कडक होतं. तसंच ठोकत राहिलं तर कडेला चीर पडते. म्हणून मधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात विझवायचं. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं उलट मऊ राहतं. लोखंडाच्या कामातून आलेल्या कारागिराला हे पहिल्यांदा पटत नाही.

तांब्याचं खरं दुखणं मात्र आतल्या सांगाड्याला जिथे ते टेकतं तिथे असतं. तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटले आणि मधे ओल आली की लोखंड झपाट्याने गंजतं. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचं. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्याची कातडी २.४ मिलिमीटर तांब्याची, आतला सांगाडा गुस्ताव आयफेल यांच्या लोखंडाचा. दोन्हींच्या मधे लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलं होतं. ते कालांतराने झिजलं, लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या, आणि १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आम्ही बाहेरच्या कामात तांब्यामागे स्टेनलेसचा सांगाडा देतो, नायलॉनचे बुश आणि निओप्रीन रबराच्या पट्ट्या घालतो. बोल्टची भोकं लांबट ठेवतो, कारण तांबं तापल्यावर वाढतं. मे महिन्याच्या उन्हातला पत्रा आणि जानेवारीच्या पहाटेचा पत्रा यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो, निफाडकडे तर जास्तच. तेवढ्यात ३ मीटरचा पत्रा अडीच मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा दिली नाही तर तो फुगा धरतो आणि मठारलेला पोत बिघडतो. आणखी एक खूणगाठ: तांब्यावरून उतरलेलं पावसाचं पाणी गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर पडू द्यायचं नाही, जस्ताला त्याने खड्डे पडतात.

हिरवा रंग लगेच हवा, ही मागणी नेहमी येते. नाशिकच्या कोरड्या हवेत तांबं आधी तपकिरी, मग काळपट होतं, हिरव्याला बरीच वर्षं लागतात. सल्फाइडच्या पातळ द्रावणाने आम्ही तपकिरी-काळा रंग आणतो, भरपूर पाण्याने धुतो आणि कोमट पत्र्यावर मेण चढवतो. आमच्या मते तोच रंग या गावाला शोभतो.

दगडाकडे आम्ही उशिरा वळलो. खरं तर ज्या जिल्ह्यात सिन्नरचं गोंदेश्वर आणि पंचवटीचं काळाराम मंदिर आहे, तिथे सुरुवात दगडापासून व्हायला हवी होती. बेसॉल्ट जड असतो, घनमीटरला २.८ ते ३ टन. २ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर चौरस खांब दोन टनांच्या वर जातो. दगड निवडताना पाथरवट हातोडीने वाजवून बघतो. खणखणीत आवाज आला तर अंगाने सलग, बद्द आला तर आत तडा. त्यानंतर आम्ही दगड पूर्ण भिजवतो आणि वाळू देतो; बारीक चीर असेल तर तिथली रेघ शेवटपर्यंत ओली राहते. या भागातल्या दगडात पांढरे ठिपके दिसतात ते झिओलाइट या खनिजाचे. संग्रहालयात ते स्फटिक देखणे दिसतात, शिल्पात मात्र टाकी लागली की निखळतात आणि भोक पडतं. जिथे चेहरा किंवा धार येणार आहे तिथे ठिपक्याचा दगड घ्यायचा नाही. दोन दगड जोडताना स्टेनलेसचीच खुंटी, १६ ते २० मिलिमीटरची, १५० मिलिमीटर खोल. साधी लोखंडी सळई गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. भोकातली भुकटी हवेने पूर्ण उडवल्याशिवाय इपॉक्सी भरायचं नाही, नाहीतर ते भुकटीला चिकटतं, दगडाला नाही.

मोठे, वळणदार आणि बेताच्या खर्चातले आकार फेरोसिमेंटमध्ये करतो. ६ मिलिमीटर सळईचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी कोंबडी जाळीचे दोन-दोन थर, दर १०० ते १५० मिलिमीटरवर तारेची गाठ. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, आणि ५० किलोच्या पोत्याला २० लिटर पाणी. वाळू आता क्रश सँडच मिळते, तिच्यात भुकटी जास्त असते, म्हणून चाळून आणि धुऊन घ्यावी लागते. जाळी सैल राहिली तर गिलावा मागे पोकळ राहतो आणि टकटक केल्यावर कळतं. एप्रिलच्या वाऱ्यात ताजा गिलावा तासाभरात केसांसारख्या भेगा धरतो. गोणपाट ओलं ठेवून १४ दिवस पाणी मारायचंच.

फायबरबद्दल थोडक्यात. थर्माकोलच्या आकारावर पॉलिएस्टर रेझिन सरळ लावलं तर थर्माकोल विरघळतो. मधे इपॉक्सीचा किंवा प्लास्टरचा थर लागतो. आणि रेझिन घट्ट व्हायला लागणारे कोबाल्ट व हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, हार्डनर नंतर. उघड्यावरच्या कायमच्या शिल्पासाठी आम्ही फायबर सुचवत नाही.

सिंहस्थ जवळ आला की नदीकाठच्या कामांची विचारणा होते. गोदाकाठी दुतोंड्या मारुती पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे आणि नाशिककर त्याच्यावरूनच पूर मोजतात, पाणी कमरेला लागलं की छातीला. शिल्प गावाच्या रोजच्या बोलण्यात कसं मिसळावं याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. पण नदीकाठी नवीन काही उभारायचं तर पाण्याचा हिशेब वाऱ्यापेक्षा फार कठीण असतो. सेकंदाला ३ मीटर वेगाचं पाणी चौरस मीटरला ४,५०० न्यूटन दाब देतं, आपल्या वाऱ्याच्या पाचपट. शिवाय वाहून येणारे ओंडके आणि जलपर्णी जाळीत अडकल्या की जाळीची भिंत होते. म्हणून पूररेषा पाहिल्याशिवाय आम्ही चित्रही काढायला घेत नाही. गर्दीच्या जागी हात पोहोचेल त्या उंचीपर्यंत धार नको, आणि ९० ते २३० मिलिमीटरची फट नको, कारण तिच्यात लहान मुलाचं डोकं अडकतं.

उभारणीच्या दिवशी हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलावताना ‘१४ टनांची’ एवढंच सांगून चालत नाही. बूम, म्हणजे क्रेनचा हात, जसजसा लांबतो तशी क्षमता झपाट्याने घटते. ट्रक किती जवळ लागेल आणि वर विजेच्या तारा आहेत का, हे आदल्या दिवशी जागेवर जाऊन बघतो. पट्टा कुठे अडकवायचा त्याचे कान शिल्पाला शेडमध्येच लावलेले असतात, गुरुत्वमध्याच्या वर.

सध्या प्रत्येक कामासोबत आम्ही एक देखभालीचा कागद देतो. ऑक्टोबरमध्ये पावसाळा सरला की बोल्ट आवळून बघायचे, निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायची, तांब्यावर मेणाचा हात द्यायचा, आणि पायाभोवती काळी माती परत सरकली असेल तर ती काढायची. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पहिली तीन वर्षं ते आम्ही स्वतः येऊन करतो.