अर्थ लागत नाहीये

डावा इंडिकेटर टाकला की त्याच्या शेजारचा टेल लॅम्पपण लुकलुकायचा, ब्रेक दाबला की इंडिकेटर गप्प, आणि मीटरमधला दिवा, जो हेडलाइट बंद असताना पेटायचं काही कारण नाही, तो मधूनच मंद मिणमिणायचा, देवघरातल्या समईतलं तेल संपत आल्यावर मिणमिणते ना वात, तसा. मागून येणाऱ्या माणसाला मी नक्की काय सांगतोय हे मलाच माहीत नव्हतं.

गाडी १९८७ ची पद्मिनी, मामाची. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमच्या गेल्या, तेव्हा टीव्हीवर त्या बातम्या बघून मामाचा फोन आला, "घेऊन जा रे तू आमची, माझ्या गुडघ्यांना आता क्लच झेपत नाही." टॅक्सीला वीस वर्षांची अट होती म्हणून त्या गेल्या, आमची घरची गाडी, पासिंग करून घेतलेली, त्यामुळे राहिली. पुण्यात आणली, हौसेने डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, दुधाळ पांढरा रंग, आरशासारखी चमक. आणि त्यानंतर महिनाभरात हे दिव्यांचं सुरू झालं. रंगाचा आणि दिव्यांचा काही संबंध असेल असं माझ्या मनात आलंच नाही.

दिवा गेला की आपण फ्यूज बघतो. लहानपणापासूनची सवय. घरात लाइट गेली की बाबा स्टुलावर, मी खाली मेणबत्ती घेऊन, किटकॅटमधली, म्हणजे त्या चिनीमातीच्या फ्यूजमधली, जळकी तार काढून नवी गुंडाळायची आणि शेजाऱ्यांकडे लाइट आहे का ते गॅलरीतून ओरडून सांगायचं. म्हणून मी पण आधी फ्यूजबॉक्सच उघडला.

आजच्या गाड्यांत प्लास्टिकचे चपटे फ्यूज असतात, हिच्यात जुन्या तऱ्हेचे, दोन्हीकडे टोक असलेले, कॅप्सूलसारखे, आणि वितळणारी पट्टी आत नाही तर बाहेरच्या अंगाने, उघडी. पांढरा म्हणजे ८ अँपिअर, लाल म्हणजे १६. दोन पितळी पट्ट्यांच्या चिमटीत नुसता अडकवलेला. सगळे फ्यूज बघितले, एकही उडालेला नाही. फक्त एक जरा जाडसर दिसला म्हणून काढला तर त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला. म्हणजे फ्यूज कधीच उडाला होता आणि त्याच्या जागी हा कागद इतकी वर्षं ड्यूटी करत होता! हसू आलं आणि लगेच पोटात गोळापण आला, कारण हा कागद ८ अँपला जळणार नाही, त्याच्या आधी डॅशबोर्डामागची वायर जळेल.

फ्यूज आणायला नाना पेठेत गेलो तिथे एका दुकानदाराने वायरमनकाकांचं नाव सुचवलं. साठीचे असतील, चष्म्याची एक काडी काळ्या इन्सुलेशन टेपने जोडलेली (हे बघून खरंतर विश्वास बसला). मी म्हणलं, काका, फ्यूज सगळे चांगले आहेत. तर म्हणाले, "साहेब, उडाला नाय म्हणून चांगला, असं कोण बोललं तुम्हाला?" आणि एकेक फ्यूज नुसता जागच्या जागी बोटाने फिरवला. वायपर, जो दमेकऱ्यासारखा चालायचा, तो एकदम तरतरीत झाला. पितळेवर पावसाळ्यात हिरवट थर चढतो, तो वीज अडवतो, फिरवलं की तेवढ्यापुरता खरवडला जातो. मग काढून पॉलिश पेपरने घासले, चिमटे जरा आत दाबून घट्ट केले.

एका चिमट्याखालचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. तो हेडलाइटचा. काकांनी दिवे बघितले, १०० वॅटचे हॅलोजन. मग मला हिशोब घातला: साध्या ४५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९०, भागिले १२ व्होल्ट, साडेसात अँप. शंभराचे दोन लावले की साडेसोळाच्या वर, आणि वायर तीच, जुनी. वर कुठल्याही सैल जोडावर एक व्होल्ट जरी खाल्ला गेला तरी उजेड पाव भागाने कमी होतो, मग माणूस म्हणतो लाइट कमी पडते, आणखी मोठा बल्ब लाव, आणखी वायर तापव. साधे बल्ब परत बसवले आणि मध्ये रिले टाकला, म्हणजे बटणातून नुसता इशारा जातो, मोठा करंट बॅटरीवरून सरळ दिव्याला. हे कुणीतरी तीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं, पण तीस वर्षांत प्रत्येकाने आपापली एक लाल वायर तेवढी ओढली होती. डॅशबोर्डखाली बघितलं तर सगळ्या लालच. कंपनीने रंग वेगवेगळे दिलेत ते कशाला दिलेत हा प्रश्न कुणाला पडला नसावा.

हॉर्नला मात्र नवा फ्यूज लावला की उडायचा. मी तीन जाळले. काका म्हणाले पैसे कशाला जाळता, आणि फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. बल्ब भक्कन पेटला, म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला टेकलीये, पण बल्बमधून पावणेदोन अँपच्या वर काही जाऊ शकत नाही म्हणून जळत काही नाही. मग मी बल्बकडे बघत उभा आणि काका एकेक वायर हलवत, "विझला?" "नाही." "आता?" "नाही." स्टीयरिंगच्या दांड्याजवळ हात गेला आणि बल्ब विझला. उंदराने कुरतडलेली वायर, अगदी बारीक, तांब्याचा एक केस बाहेर.

आणि इंडिकेटर? त्यासाठी काकांनी फ्यूजबॉक्सकडे बघितलंसुद्धा नाही. डिकी उघडायला लावली, स्टेपनी बाहेर, कार्पेट बाजूला, डाव्या दिव्यामागचा बोल्ट दाखवला. "अर्थ नाय भेटत." अर्थ म्हणजे अर्थिंग: दिव्यापर्यंत वीज वायरने येते पण परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून, त्या बोल्टवरून. आणि माझ्या हौशी पेंटरने बोल्ट काढून, पत्र्याला खालून-वरून छान दोन हात देऊन, रंगावरच तो परत आवळला होता. परतीची वाट बंद, म्हणून बिचारा करंट शेजारच्या टेल लॅम्पच्या तारेतून उलटा घुसून, मीटरच्या दिव्यातून वगैरे फिरून घरी जायचा. चोराने मागच्या दाराने जावं तसा, पण जाताजाता प्रत्येक खोलीतला दिवा लावत. काकांनी कानशीने रुपयाएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडली (नवीन रंग, माझा जीव गेला), बोल्ट आवळला, वर थोडं ग्रीस लावलं. टिक टिक टिक. फक्त डावा. मी वेड्यासारखा पाच मिनिटं मागे उभा राहून बघत होतो.

रात्री मामाला फोन करून सगळं सांगितलं, चंदेरी कागदाचंसुद्धा. म्हणलं मामा, तू तर सिगारेट माझ्या मुंजीच्या वर्षीच सोडली होतीस ना? तर म्हणाला, "अरे तो खंडाळ्याच्या घाटात एका टॅक्सीवाल्याने लावून दिला होता, देवमाणूस, पैसेपण घेतले नाहीत." फोन स्पीकरवर होता हे त्याच्या लक्षात नसावं, कारण मागून मामीचा आवाज आला, "कुठला टॅक्सीवाला हो?"